कासिमिरोचा वाल्स

"लिओन्सिओ, सरळ वाजव," फिलोमेनाबाई गल्ल्यामागूनच म्हणाल्या. "लोक इथं रडायला येतात. गणितं सोडवायला नाही."

रविवारची दुपार होती आणि पॅटरसनमधलं ते पेरू देशातल्या लोकांचं हॉटेल नेहमीसारखं भरलेलं होतं. मी हातात भाताच्या तीन बशा घेऊन दोन टेबलांच्या मधे उभी होते. माइकपाशी म्हातारा पोर्फिरिओ गाता गाता थांबला होता. दुसऱ्या कडव्याला कुठं उचलायचं ते त्याला कळेना.

"मी पाऊल कुठं ठेवू ते तरी सांग," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. "जिना उतरतोय आणि तू पायरीच काढून घेतलीस."

लोक हसले. लिओन्सिओही हसला, आणि त्यानं ती जागा पुन्हा घेतली, या वेळी अगदी साधी, लिमातल्या कुठल्याही लग्नात वाजते तशी. पोर्फिरिओ सुखानं गायला. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या दोन बायकांनी रुमाल काढले. फिलोमेनाबाईंनी मान हलवली.

संध्याकाळी घरी चालत येताना तो म्हणाला, "देल्मी, तिथं तो स्वर पाहिजेच. त्याच्याशिवाय ती ओळ खोटी वाटते."

"बाईंना खोटीच आवडते," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी त्याच्या खुर्चीवर दुसरा गिटारवाला बसला होता. फिलोमेनाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला आत बोलावलं, कोंबडीभाताचा मोठा डबा हातात दिला आणि म्हणाल्या, "त्याला म्हणावं, हात सोन्याचा आहे. पण माझं हॉटेल आहे, शाळा नाही." आम्ही तो भात दोन दिवस खाल्ला.

आम्ही दोघंही लिमातले, एकाच चाळीतले. एका नळाची चाळ होती ती. मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि बोळाच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ. पाण्याच्या रांगेत भांडणं व्हायची आणि त्याच रांगेत लग्नंही जुळायची. आमचं तिथंच जुळलं. माझे सासरे कासिमिरो मेद्रानो चपला-बूट शिवायचे आणि वाल्स, म्हणजे तीन ठोक्यांच्या तालातली गाणी, रचायचे. लिहून एकही ठेवला नाही, लिहिता येतच नव्हतं. चाळीच्या तोंडी राहिले तेवढे राहिले. त्यातला एक त्यांनी सासूबाईंसाठी, इसाउरासाठी, रचला होता. कुणाचाही वाढदिवस असो, बारसं असो, शेवटी तो वाजलाच पाहिजे. आधी सावकाश सुरू व्हायचा, मग मधला भाग थोडा उदास, आणि सरते शेवटी एकदम धाव घ्यायचा, तेव्हा सगळी चाळ टाळ्यांचा ठेका धरायची.

सासरे गेले तेव्हा लिओन्सिओ लहान होता, अजून गुडघ्यावर गिटार नीट मावत नव्हती. थोरला सातुर्निनो तेव्हा मिसरूड फुटलेला तरणाबांड. त्यानं बापाची गिटार उचलली आणि धाकट्याला समोर बसवलं. तो स्वतः वरच्या तारांवर गाणं वाजवायचा आणि लिओन्सिओला खालच्या जाड तारांवर ठेका धरायला लावायचा. अंगठा चुकला की बोटांच्या पेरावर टिचकी. "वरचं सगळे ऐकतात," तो म्हणायचा, "पण पडतं ते खालचं चुकलं की." धाकट्यानं त्याच्या हाताखाली वीस वर्षं अंगठा चालवला. मग मी शिवणकामासाठी मावशीच्या मागोमाग अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पॅटरसनला आले, आणि वर्षभरानं तोही आला.

त्याला रंगाईच्या कारखान्यात काम मिळालं. वाफ, उकळती पिंपं, ओल्या कापडाची ओझी. हातमोजे घातले तरी रंग आत जायचा. आमचे लोक गिटार नखांनी वाजवतात, त्यामुळे त्याची उजव्या हाताची नखं लांब, आणि त्या आठवड्यात कारखान्यात जो रंग चालू असेल त्या रंगाची. एका लग्नात नवरीच्या आईला वाटलं, यानं नखं मुद्दाम रंगवलीत. तिनं पुन्हा बोलावलं नाही.

त्याच कारखान्यात वॉर्डेल पेटस होता. काळा, धिप्पाड, माझ्या नवऱ्यापेक्षा दहा-एक वर्षांनी मोठा. लिओन्सिओ पिंप ढवळताना वाल्स शिटीवर वाजवायचा. एक दिवस पलीकडच्या पिंपावरून कुणीतरी त्या शिटीला दुसरी शिटी जोडली. बरोबर नव्हती ती. चुकीचीही नव्हती. लिओन्सिओ म्हणायचा, "घरात बसलोय आणि कुणीतरी बाहेरून अशी खिडकी उघडली की ती तिथं आहे हे मला ठाऊकच नव्हतं." दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. वॉर्डेल रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि शुक्रवारी नेवार्कच्या एका बारमध्ये तसाच ऑर्गन जॅझसाठी वाजवायचा. म्हणायचा, देवाला चालतं, फक्त पाद्रीबाबांना सांगू नका.

मग लिओन्सिओ बुधवारी उशिरा घरी यायला लागला. विचारलं तर म्हणे, वॉर्डेलकडं होतो. मला वाटलं, बाई असणार. मी चुलतभाऊ पोलोला बरोबर घेतलं आणि त्याच्या मागं गेले. चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्यांच्या ढिगापाशी तो एका जाड्या माणसासमोर, वॉर्डेलच तो, बसला होता आणि दोघं भांडत होते, म्हणजे एक इंग्रजीत, एक स्पॅनिशमध्ये, आणि मधूनमधून हातांनी.

"ये, बस," लिओन्सिओ मला म्हणाला. "हा चार मोजतो, मी तीन मोजतो."

"मग भेटता कुठं?"

"बारावर," तो म्हणाला. "बाराव्या ठोक्यावर भेटतो. पण तिथपर्यंत जाताना एकमेकांचा हात सुटता कामा नये."

पोलोकडे त्याची काहोन होती, ज्या लाकडी पेटीवर बसायचं तीच पेटी तळहातांनी बडवायची. पुढच्या बुधवारपासून तोही जायला लागला. मी घरी बसून शिवायची. बाई नव्हती हे बरंच झालं, पण खरं सांगायचं तर बाई असती तर ती कधीतरी संपली असती.

तिघांनी बरीच वर्षं एकत्र वाजवलं. नेवार्कच्या त्या बारमध्ये पहिल्यांदा वाजवलं तेव्हा लोक गप्पा मारत राहिले. दुसऱ्या महिन्यात चार-दोन जण गप्पा थांबवून ऐकू लागले. वर्षभरानं काही माणसं फक्त त्यासाठीच यायला लागली. वॉर्डेलचे मित्र म्हणायचे, तुमचा ताल लंगडतो. आमचे लोक म्हणायचे, ह्याला वाल्स म्हणत नाहीत, हे काळ्यांचं संगीत आहे. लिओन्सिओ म्हणायचा, "मीही काळाच आहे की. आरसा बघायला कुणाला वेळ आहे?"

एकदा एका माणसानं त्यांना कॉलेजांमध्ये कार्यक्रम करायला नेलं. पहिल्या ठिकाणी पोचल्यावर त्यानं पेटीतून पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायची लोकरी घोंगडी, आणि कानटोप्या काढल्या. प्रेक्षकांना पेरू बघायचा असतो, म्हणाला.

"माझ्या बापानं जन्मात डोंगर चढला नाही," लिओन्सिओ म्हणाला. "आम्ही समुद्राकाठचे. लामा मी प्राणिसंग्रहालयात पाहिलाय."

"त्यांना काय कळतंय?" तो माणूस म्हणाला.

पहिल्या संध्याकाळी लिओन्सिओनं पोंचो घातला. पोलोनंही घातला. दुसऱ्या संध्याकाळी दोघंही शर्टात बसले, आणि तिसरी संध्याकाळ झालीच नाही. परत येताना गाडीत वॉर्डेल म्हणाला, "मला दिला असता तर मी घातला असता. गारठा केवढा होता." त्याला कुणी दिलाच नव्हता.

त्यांची एक रेकॉर्ड निघाली. वॉर्डेलच्या भाच्याच्या ओळखीनं एका छोट्या स्टुडिओत शनिवारी दिवसभर बसून केली. तिच्यात सहा चिजा होत्या, शेवटची सासऱ्यांचा वाल्स. सुरुवात लिओन्सिओनं जशी होती तशी ठेवली. मधल्या भागात वॉर्डेल हलके हलके आत यायचा. आणि जिथं धाव घ्यायची, जिथं चाळ टाळ्या वाजवायची, तिथं लिओन्सिओ थांबला. ठेका सोडून दिला. एक स्वर, मग बराच वेळ काही नाही, मग वॉर्डेलचा एक खोल, न मिटलेला सूर, आणि त्याच्याभोवती गिटार वाट शोधत गेल्यासारखी फिरत फिरत शेवटी विझायची. मला ते पहिल्यांदा ऐकताना आवडलं नाही. दुसऱ्यांदा ऐकताना मी शिवणाचं मशीन थांबवलं.

त्यानं ती कॅसेट करून लिमाला पाठवली. महिन्याभरानं सातुर्निनोचा फोन आला. मी लिओन्सिओच्या कानाशी कान लावून उभी होते.

"ऐकलं," सातुर्निनो म्हणाला. "बापाच्या ताटात केचप ओतलंस."

"दादा, पूर्ण ऐकलंस का?"

"पूर्णच ऐकलं. आधीच्या भागाचं काय करायचं ते कर. पण शेवट? तो शेवट काढून टाकायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"काढला नाही. मी फक्त..."

"काढला," सातुर्निनो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर सहा वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं. नाताळला मी फोन करायची, जाऊबाई उचलायची, पोराबाळांची खुशाली व्हायची. "ते बाहेर गेलेत," ती म्हणायची, आणि मागं त्यांचा खोकला ऐकू यायचा. रेकॉर्डचं पुढं फार काही झालं नाही. काही रेडिओवाल्यांनी लावली, काही लोकांनी जपून ठेवली. लिओन्सिओ कारखान्यात जात राहिला, शुक्रवारी वाजवत राहिला. पण सासऱ्यांचा वाल्स त्यानं पुन्हा बारमध्ये वाजवला नाही. कुणी फर्माइश केली तर म्हणायचा, तार नीट लागलेली नाही.

मग लिमात दिवस वाईट आले, बॉम्ब, काळोख, पाण्याची टंचाई. सातुर्निनोची मुलगी ओब्दुलिया पॅटरसनमध्येच, आमच्यापासून चार गल्ल्यांवर राहायची. तिनं बापाला काही महिन्यांसाठी बोलावून घेतलं. तो आला. आठवडा गेला, दुसरा गेला, तरी आमच्या घरी फिरकला नाही. लिओन्सिओ कामावरून येताना मुद्दाम त्या गल्लीनं यायचा आणि वर न जाता घरी यायचा.

शेवटी मीच गेले. सातुर्निनो खिडकीपाशी घोंगडी पांघरून बसला होता. खूप वाळला होता.

"भावोजी," मी म्हटलं, "रविवारी सकाळी डुक्कर तळणार आहे. तुमच्या भावाला एकट्याला एवढं खाऊ देणं धोक्याचं आहे. त्याचं पोट बघा एकदा."

"अंगठा बघतो आधी," तो म्हणाला. मला कळलं, येणार.

रविवारी आला. मी तळलेलं मांस, रताळ्याचे काप, लिंबात मुरवलेला कांदा आणि पाव मांडला. दोघं भाऊ समोरासमोर बसून खात राहिले. हवेबद्दल बोलले. पोलोच्या सांधेदुखीबद्दल बोलले. सातुर्निनोनं तिसरा पाव घेतला, त्यात मांस भरलं आणि न खाता बशीत ठेवला.

"तो शेवट का काढलास?" त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

लिओन्सिओनं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "खरं सांगू, दादा? रागावू नकोस. मला तो कधी बाबांचा वाटलाच नाही."

"म्हणजे?"

"बाबा घाई करायचे नाहीत. चप्पल शिवतानासुद्धा नाही. आधीचा भाग वाजला की मला बाबा दिसतात. तोंडात खिळे धरलेले. शेवट आला की मला तू दिसतोस. म्हणून मी विचार केला, बाबांनी सावकाश संपवलं असतं तर कसं असतं."

सातुर्निनोनं माझ्याकडं पाहिलं. मी उठून पाणी आणायच्या बेतात होते, त्यानं हातानंच बस म्हणून खुणावलं.

"माझाच आहे तो," तो म्हणाला.

शेगडीवर तेल अजून थोडं तडतडत होतं.

"बाबांनी तो पुरा केलाच नव्हता. मधल्या भागापर्यंत यायचे आणि म्हणायचे, पुढचं सुचेल. मग गेले. त्यांच्या दिवसाला चाळीतले सगळे म्हणाले, इसाउराचा वाल्स वाजव. मी वाजवायला बसलो. मधला भाग संपत आला आणि आई समोर बसलेली. आता थांबायचं कसं? तिच्यासमोर अर्ध्यावर सोडायचं? बोटं पळाली. कुठं पळाली मलाही कळलं नाही. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, मग थांबताच येईना. आई रात्री मला म्हणाली, सातुर, हा शेवट त्यांनी मला कधी ऐकवला नव्हता रे. तुलाच कसा ऐकवला? मी काय सांगणार होतो तिला?"

"मग तू सांगितलंस काय?"

"म्हटलं, तुझ्यासाठीच ठेवला होता त्यांनी."

लिओन्सिओनं दोन्ही तळहात टेबलावर सपाट ठेवले. नखं त्या आठवड्यात हिरवी होती. "मला ठाऊक असतं तर मी हात लावला नसता, दादा."

"ठाऊक नव्हतं म्हणून तर तुला ऐकू आलं," सातुर्निनो म्हणाला. "सगळ्या चाळीला इतकी वर्षं कळलं नाही. तुझा कान मीच केला, आता तक्रार कुणाकडं करू?" आणि मग, "आयुष्यात मी एवढंच रचलं, धाकट्या. दुसरं काही जमलं नाही. आणि तू ते खोडलंस, तेही बापाच्या नावानं."

मी माझ्या नवऱ्याला रडताना फार वेळा पाहिलेलं नाही. तेव्हाही तो रडला नाही. उठला, आतून गिटार आणली आणि दादासमोर धरली. सातुर्निनोनं घेतली नाही.

"तुझा वाजव," तो म्हणाला. "सावकाश. कॅसेटवर ऐकायला मी फार रागात होतो."

लिओन्सिओनं वाजवला. ऑर्गन नव्हता, तेव्हा मधल्या मोकळ्या जागा मोकळ्याच राहिल्या. सातुर्निनो डोळे मिटून ऐकत होता. एका जागी त्यानं बोट वर केलं. "हा कुठून आणलास?"

"वॉर्डेलकडून."

"परत घे."

त्यानं परत घेतला.

"वाईट नाही," सातुर्निनो म्हणाला. "पण अंगठा आळशी झालाय." आणि बशीतला पाव उचलून खायला लागला.

त्या उन्हाळ्यात दोघं भाऊ, वॉर्डेल आणि पोलो असे चौघं चर्चच्या सभागृहात रविवारी दुपारी वाजवायचे. ऐकायला आमचे लोक आणि चर्चचे लोक, दोन्ही. फिलोमेनाबाईही एकदा आल्या आणि शेवटपर्यंत बसल्या, मग म्हणाल्या, "अजूनही मला कुठं रडायचं ते कळलं नाही, पण रडले." वाल्सचे ते दोन शेवट वाजवायचे, आधी एक, मग दुसरा. लिओन्सिओला लोकांना सांगायचं होतं की पळणारा शेवट त्याच्या भावाचा आहे. सातुर्निनोनं सांगू दिलं नाही. "चाळीतली म्हातारी माणसं अजून आहेत," तो म्हणाला. "त्यांच्याकडून कासिमिरोला काढून घेऊ नकोस. त्यांच्याकडं दुसरं आहे काय?"

सप्टेंबरात तो परत गेला. इथली थंडी मानवत नाही म्हणाला. पण मला वाटतं, त्याला तिथल्या नळापाशी बसायचं होतं.

तीन वर्षांनी सातुर्निनो वारला. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. चाळीच्या बोळात खुर्च्या मांडल्या होत्या, आत खोलीत तो शवपेटीत होता, आणि लोक आमच्याकडं असं बघत होते जसं खूप उशिरा येणाऱ्याकडं बघतात. दुपारी कुणीतरी म्हणालं, कासिमिरोचा वाल्स झाला पाहिजे. जाऊबाईंनी सातुर्निनोची गिटार आणून लिओन्सिओच्या हातात दिली. मला वाटलं, तो स्वतःचा शेवट वाजवेल. मनात आलं, वॉर्डेल इथं असता तर.

त्यानं पहिला भाग वाजवला, मधला वाजवला, आणि मग धावला. एकही स्वर जास्तीचा नाही, एकही जागा मोकळी नाही. सातुर्निनो जसा वाजवायचा तसाच, अंगठ्यासकट. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, मेलेल्या माणसाच्या दारात, आणि कुणालाही ते वावगं वाटलं नाही.

"तिकडं राहूनही बापाचा शेवट विसरला नाहीस," एक म्हातारी म्हणाली.

"दादानं शिकवला," लिओन्सिओ म्हणाला.

मूठमाती देऊन आल्यावर लोक पांगले. तो खोलीत एकटाच गिटार घेऊन बसला होता. मी दारात उभी राहिले. आता ती गिटार कुणी वाजवणार नव्हतं. लाकडावर ताण राहिला की मान वाकते, म्हणून तो एकेक खुंटी फिरवून तार सैल करत होता. बारीक तारेपासून सुरुवात करून तो जाड तारांपर्यंत आला. प्रत्येक तारेचा सूर खाली खाली घसरत गेला आणि मग नुसती तार राहिली. सहावी सैल झाल्यावर त्यानं त्यांच्यावरून एकदा हात फिरवला. आवाज आला नाही. मग त्यानं गिटार पेटीत ठेवली आणि दोन्ही कड्या लावल्या.